रिलीज तारखेला काढायचं की सगळं झाल्यावर?

निनाद_कोथरूड
आमचं एक छोटं ओपन सोर्स टूल आहे, श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणायचं. पुण्यात डीटीपीवाले भरपूर त्यामुळे वापरणारे बरेच, कोड लिहिणारे आम्ही पाचच, तेही नोकऱ्या सांभाळून. शेवटचं रिलीज (वापरणाऱ्यांसाठीची आवृत्ती) काढून ११ महिने झाले आणि मास्टरवर, म्हणजे मुख्य कोडमध्ये, ४० च्या वर दुरुस्त्या तयार पडून आहेत! का, तर माइलस्टोनमध्ये (पुढच्या रिलीजच्या कामांच्या यादीत) पीडीएफचं काम घातलंय, ते अर्धवट आहे आणि त्याच्यासाठी बाकीचं सगळं अडलंय.

माझं म्हणणं, तारीख ठरवा. त्या दिवशी जे तयार असेल ते जाईल, राहिलेलं पुढच्या गाडीला. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स सिस्टिमच्या गाभ्यात) दोन आठवडे मर्ज विंडो असते, म्हणजे तेवढ्यातच नवीन काम मुख्य कोडमध्ये घेतात, मग दर आठवड्याला आरसी (चाचणीची आवृत्ती) आणि साधारण ९-१० आठवड्यांत रिलीज. एखाद्याचं काम राहिलं तरी विंडो पुन्हा येणारच हे माहीत असतं म्हणून तो कच्चा कोड आत घुसवायला धडपडत नाही. आपल्याकडे पुढचं रिलीज कधी हेच माहीत नाही, मग जो तो म्हणतो माझं एवढं घेऊनच काढा.

प्राची_टेस्टिंग
मला अजिबात पटत नाही. कर्नलवर काम करणाऱ्या बहुतेकांना त्याचा पगार मिळतो, आपण रात्री ११ नंतर बसतो. तारीख लावली की पहिला बळी टेस्टिंगचा जातो. मागच्या वेळी घाईत काढलं तेव्हा काय झालं आठव, 'आचाऱ्यास' चं 'आचार्यास' होत होतं, म्हणजे स्वयंपाक्याचा गुरुजी! 'दऱ्या' चं 'दर्या'. एका माणसाचं अख्खं पुस्तक तसं कन्व्हर्ट झालं, त्याला मी काय उत्तर देऊ? आणि तारखेचं उदाहरण म्हणून सगळे उबुंटू ही लिनक्स सिस्टिम सांगतात, त्यांनीही २००६ चं एप्रिलचं रिलीज जूनला नेलंच की, म्हणून तर ते ६.०६ (वर्ष आणि महिना) आहे.

निनाद_कोथरूड
बरोबर, पण ते एकदा, आणि ठरवून सहा आठवडे. मजकूर बिघडवणारा बग असेल तर थांबायचंच, त्याला ब्लॉकर (हा सुटल्याशिवाय रिलीज नाही) लेबल लावू, त्यावर वाद नाही. पीडीएफ नसल्यानं कोणाचं पुस्तक बिघडत नाही. 'झालं की काढू' म्हणत डेबियन या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमचं ३.० जुलै २००२ ला आलं आणि ३.१ थेट जून २००५ ला, आता तेही साधारण दोन वर्षांनी फ्रीझ करतात, म्हणजे नवीन काम घेणं थांबवतात. एका कॉलेजच्या मुलीनं जोडाक्षरांचा पॅच (कोडमधली दुरुस्ती) दिला, दोन दिवसांत मर्ज केला, रिलीजमध्ये कधी येणार म्हणून तिनं दोनदा विचारलं, आपल्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्यांदा ती आलीच नाही, मला ते फार लागलंय.

सचिन_लातूर
तुम्ही दोघं तारखेवर भांडताय पण पीडीएफ माइलस्टोनमध्ये घातलं कोणी, कधी? इश्यूवर (त्या कामाच्या ऑनलाइन नोंदीवर) एक ओळ नाही. तुम्ही रविवारी कर्वे रोडला चहाला भेटता, तिथं ठरतं आणि मला लातूरला लेबल बदललेलं दिसतं. पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांकडे तर इश्यू ट्रॅकरसुद्धा नाही पण सगळी चर्चा मेलिंग लिस्टवर लेखी असते, नवीन माणूस जुनं वाचून कारण शोधू शकतो. माझा नुक्त्याचा (अक्षराखालच्या टिंबाचा) इश्यू तर ६० दिवस कोणी बोललं नाही म्हणून बॉटनं (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनं) बंद केला. बग तसाच आहे, मी आजच बघितलं.

प्राची_टेस्टिंग
बॉट मी लावला होता, ३०० इश्यू एकटीनं चाळणं होत नव्हतं. पण बग लेबल असलेले त्यातून वगळायला हवे होते, ते राहिलं. आज वगळते आणि तुझा उघडते. चहाचं पण खरं आहे, इथून पुढे जे ठरेल ते त्याच रात्री इश्यूवर.

डीटीपी_सदाशिव
मी फक्त वापरणारा, मला मास्टर नि माइलस्टोन कळत नाही. पण तारीख ठरवणार असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबर नको रे बाबांनो, दिवाळी अंकांची कामं अंगावर असतात, तेव्हा आम्ही कोणीच नवीन व्हर्जनला हात लावत नाही आणि बिघडलं तर कळवायलाही वेळ नसतो. आणि काय बदललं ते मराठीत चार ओळी लिहा, त्याच्यावरून ठरवता येतं घ्यायचं का नाही.

निनाद_कोथरूड
काका हे आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मग जानेवारी आणि जून धरू? दोन आठवडे आधी फ्रीझ, पीडीएफ वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या प्रतीवर. इश्यू उघडलाय, सचिन, तू तिथं लिही.

प्राची_टेस्टिंग
जानेवारी-जून लिहा, मी अडवत नाही, पण तारखेला माझा अजून विरोधच आहे आणि तोही इश्यूवर नोंदवते. 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' च्या शब्दांची २०० ची यादी करतेय, ती सगळी पास झाल्याशिवाय मी टॅग (रिलीजची खूण) लावणार नाही, मग १५ जून असो नाहीतर १५ ऑगस्ट. काका, तुमच्या जुन्या फायलींतले असले शब्द पाठवाल का?