मिलमधला 'साचेवाला' म्हणजे कोण?

प्रश्न: आजोबांच्या जुन्या कागदांत नावापुढे 'साचेवाला, एम्प्रेस मिल' असं लिहिलेलं सापडलं. साचा म्हटला की मला मूर्तीचा आठवतो. कापडाच्या मिलमध्ये साच्याचं काय काम? आजोबा ओतकाम करत होते का?

उत्तर: ओतकाम नाही, तुमचे आजोबा विणकर होते. मिलच्या बोलीत साचा म्हणजे यंत्रावर चालणारा माग. विणाईचं खातं ते साचेखातं. गुजरातीत 'सांचो' म्हणजे यंत्र, आणि मिलमधला साचा त्याच्याच नात्यातला असावा असं मला वाटतं. नागपुरात पाचपावलीकडे कोष्टी-हलबा या विणकर समाजांच्या घरी असायचा तो माग, मिलमध्ये असायचा तो साचा.

पण शब्दकोशात 'साचेवाला : यंत्र चालवणारा मजूर' एवढंच लिहून भागणार नाही. माझे मोठेबाबा साचेखात्यातच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. साच्यावर आडवं सूत नेणारा धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा इकडून तिकडे जायचा. त्यातली सुताची कांडी काही मिनिटांत संपायची. ती संपायच्या बेतात आली की साचा थांबवायचा, भरलेला धोटा घालायचा आणि साचा पुन्हा सुरू करायचा. जरा उशीर झाला की कापडात विरळ पट्टा उठायचा. ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, तार तुटली तर काम आणखी नाजूक. हजारो तारांतून नेमकी तीच हुडकायची, बोटांनी चपटी गाठ मारायची, मग तार ओवायच्या तिच्याच छिद्रातून, म्हणजे डोळ्यातून, आणि तारा वेगळ्या ठेवणाऱ्या फणीच्या तिच्याच घरातून ओवून घ्यायची. घर चुकलं की पुढच्या सगळ्या कापडावर उभी रेघ. गाठ जाड झाली तर फणीत अडकून तार पुन्हा तुटणार. मोठेबाबा गाठ मारताना बोटांकडे बघतही नसत, नजर शेजारच्या साच्यावर असायची. एवढं सगळं त्या कानठळ्या बसवणाऱ्या खडखडाटात चालायचं, बोलणं हातवाऱ्यांनी. ही कारागिरीच होती, आणि मिलमधला माणूस 'कामगार' म्हणून नोंदला गेला की त्याच्या हातातली कला कुणी नोंदत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जमशेदजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केलेली ही नागपूरची एम्प्रेस मिल. आता तिच्या जागेवर मॉल उभा आहे.

प्रश्न: मग 'साचेबद्ध' हा शब्दही मिलमधूनच आला का?

उत्तर: नाही, तो मूर्तीच्या साच्यावरून आला. दोन्ही अर्थ वेगळे ठेवा. तुमच्या आजोबांचं काम साचेबद्ध अजिबात नव्हतं. एकच सूत दमट हवेत नीट चालायचं आणि नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तटातट तुटायचं, त्यामुळे हात रोज वेगळा चालवावा लागे.

कागदावर 'जॉबर' असंही कुठे लिहिलंय का ते बघा. जॉबर म्हणजे साचेवाल्यांवरचा मुकादम. बिघडलेला साचा तोच लावून द्यायचा. आजोबा पुढे जॉबर झाले असतील तर तेही इथे लिहा.