एनपीटेलवर विषय पूर्ण केला, परीक्षा पास झालो, तरी कॉलेज क्रेडिट देत नाही. असं का?

वारणाकाठ_21
नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सांगली जिल्ह्यातलं कॉलेज, नाव सांगत नाही. गेल्या सेमिस्टरला एका विषयाला शिकवायला माणूसच नव्हता, दीड महिना तासच झाला नाही, म्हणून मी तोच विषय एनपीटेलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या मोफत ऑनलाइन कोर्सवर केला. 12 आठवडे, दर आठवड्याला असाइनमेंट, शेवटी 1000 रुपये भरून कोल्हापूरला सेंटरवर जाऊन परीक्षा दिली. 78 मार्क आले, सर्टिफिकेटवर एलिट सिल्व्हर असा शेरा. आयआयटीच्या सरांनी शिकवलं, आयआयटीनेच पेपर काढला, आणि कॉलेजात दाखवलं तर म्हणाले छान आहे, रेझ्युमेला लाव. क्रेडिट शून्य. तोच विषय परत कॉलेजच्या पेपरला लिहायचा. मला खरंच समजून घ्यायचंय, शिकणं जर सगळ्यांना मोफत उघडं आहे तर शिक्का मारायचा हक्क एकट्या कॉलेजकडे का?

विभागातून
मी स्वतः एका कॉलेजात शिकवते आणि आमच्या कॉलेजातल्या एनपीटेलच्या शाखेचं, म्हणजे लोकल चॅप्टरचं काम बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते. नियम तुझ्या बाजूने आहे. यूजीसीने 2016 मध्ये स्वयंमच्या (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ, एनपीटेलचे कोर्स त्यावरच असतात) कोर्सना 20 टक्क्यांपर्यंत क्रेडिट द्यायची सोय केली, 2021 मध्ये ती 40 टक्क्यांपर्यंत नेली, त्याच वर्षी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सपण आली, म्हणजे मिळालेली क्रेडिट जमा ठेवायचं खातं. पण कोणता कोर्स कोणत्या विषयाच्या जागी चालेल हे तुझ्या संस्थेने सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी मंजूर करावं लागतं. आधी मंजुरी, मग नोंदणी. उलट्या क्रमाने केलं की फाइल अडकते, तुझं तेच झालंय.

आता कॉलेजं मंजुरीलाच का टाळाटाळ करतात ते सांगते, कारण हे कुणी उघड बोलत नाही. आमच्याकडे पदं कार्यभारावर ठरतात. एक विषय स्वयंमवर गेला की आठवड्याचे तेवढे तास कमी, आणि पहिली कुऱ्हाड सीएचबीवाल्यांवर पडते, ज्यांना तासावर पैसे मिळतात. माझे दोन सहकारी 10 वर्षं सीएचबीवर आहेत. त्यांच्या तोंडचा घास काढून मी मुलांना क्रेडिट कसं देऊ, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. तरीपण माझं मत आहे की जिथे शिकवायला माणूसच नाही तिथे तरी मुलाला अडवायचा आपल्याला काही हक्क नाही. तुझ्या बाबतीत तर कुणाचाच तास जात नव्हता.

हिंजवडी_रोजची
पुण्यात मुलाखती घेतो. एनपीटेलच्या सर्टिफिकेटला मी वजन देतो, कारण 75 टक्के मार्क सेंटरवर पहाऱ्यात दिलेल्या परीक्षेचे असतात आणि फक्त 25 टक्के असाइनमेंटचे. नुसते व्हिडिओ बघून जे सर्टिफिकेट मिळतं ते मी बघतही नाही. पण भावा, खरं सांगतो, माझ्यापर्यंत यायच्या आधी फॉर्मवर डिग्रीचा रकाना असतो, तो रिकामा असेल तर तुझं नाव मला दिसतच नाही. एचआरशी दोनदा भांडलोय यावरून, अजून बदललेलं नाही.

गोदाकाठची_आई
नांदेडहून लिहितेय. बारावी झाली, लग्न झालं, दोन मुलं. 14 वर्षांनी आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएसला क्वालिफायर, म्हणजे त्यांचीच पात्रता परीक्षा देऊन शिरले, जेईई लागत नाही. 2020 साली सुरू झालेला कोर्स आहे, व्हिडिओ घरी बघायचे पण परीक्षा सेंटरवर जाऊनच. फाउंडेशनचे 8 विषय झाले की सर्टिफिकेट, पुढे डिप्लोमा, मग बीएससी, मग बीएस, मधेच थांबलात तरी जेवढं केलं तेवढ्याचा कागद हातात. माझे फाउंडेशनचे 6 झालेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं, शिकवणारे आणि शिक्का देणारे एकच आहेत, फक्त दार मोठं केलंय. फी मात्र आहे, उत्पन्नाच्या दाखल्यावर सूट मिळाली म्हणून जमलं.

लेथ_वर्कशॉप
थोडा विरोध करतो, राग नसावा. मेकॅनिकलला लॅब कुठून आणणार? लेथवर हात बसायला लेथच लागतं. नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था, तिच्या निकषांत इमारत, ग्रंथालय, लॅब, विद्यार्थ्यांची मदत सगळं बघतात, ते अगदीच फुकाचं नाही. शिवाय ज्याच्या घरी रेंज नाही आणि इंग्रजी कच्चं आहे त्या मुलाला 12 आठवडे एकट्याने रेटायला सांगणं सोपं नसतं, माझ्या गावातली 3 पोरं दुसऱ्या आठवड्यातच सुटली.

विभागातून
लॅबचं अगदी बरोबर. पण नॅक खोल्या मोजतं, पुस्तकं मोजतं, त्यात एका मुलाला थर्मोडायनॅमिक्स आलं की नाही हे कुठेच कळत नाही. एनपीटेलची परीक्षा निदान तेवढं तरी सांगते. आणि एकट्याने रेटायचं ओझं कमी करायला कॉलेजात आठवड्यातून एक तास मेंटर बसवता येतो, आम्ही बसवला तेव्हा मुलं टिकली. त्या तासाचे पैसे सीएचबीवाल्यांना द्या असं मी प्राचार्यांना लिहून दिलंय, उत्तर अजून यायचंय.

वारणाकाठ_21
मॅडम, मंजुरीचा क्रम मला कुणीच सांगितला नव्हता, खूप आभार. लेथवाल्या दादांचंही पटलं, म्हणून फक्त थिअरीचा विषय घेतो. जुलैच्या बॅचची यादी आली की आम्ही 11 जण सह्या करून विभागप्रमुखांना अर्ज देणार आहोत, त्यात मेंटरच्या तासाची मागणीपण घालतो, तो तास आमच्या सीएचबीच्या सरांना द्या असं स्पष्ट लिहून. गोदाकाठच्या ताई, उरलेल्या दोन विषयांना शुभेच्छा, गणितात कुठे अडलात तर इथेच विचारा, मी बघतो.