‘खेळाडू कल्याण’ म्हणावे की दुसरे काही?

उंबरठा (मूळ प्रश्न)

आमच्या येथील (ब्रिटनमधील) मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी मी ब्रिटिश जिम्नॅस्टिक्स या राष्ट्रीय संघटनेच्या एका वर्षाचा आढावा लिहिला असून, त्याच्या शीर्षकापाशी संपादकांचे आणि माझे घोडे अडले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये संघटनेने ‘रिफॉर्म २५’ हा ४० कृतींचा आराखडा जाहीर केला, तेथून पुढचे हे वर्ष आहे. त्याआधी जून २०२२ मध्ये बॅरिस्टर ॲन व्हाइट यांचा ३०६ पानांचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला होता. २००८ ते २०२० या काळाविषयी त्यांच्याकडे ४०० हून अधिक निवेदने आली. त्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक निवेदनांत शारीरिक आणि निम्म्याहून अधिक निवेदनांत मानसिक छळाचा उल्लेख होता. संघटनेच्या कारभाराच्या केंद्रस्थानी खेळाडूचे ‘वेल्फेअर’ नव्हते, हा अहवालाचा मुख्य ठपका.

मी शीर्षक दिले होते ‘प्रगती आणि खेळाडू कल्याण’. संपादकांनी ‘कल्याण’ खोडून ‘हित’ केले. ‘कल्याण’ वाचले की मराठी वाचक अनुदानाचा अर्ज कोठे मिळतो ते शोधू लागतो, असे त्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी मत द्यावे. अंक छापायला जाण्यास अजून अवकाश आहे.

चौकस

तुमच्या संपादकांना विनोद करायचा असेल, पण मुद्दा खरा आहे. आपल्याकडे १९८२ पासून केंद्र सरकारचा खेळाडूंसाठीचा राष्ट्रीय कल्याण निधी आहे आणि हलाखीत दिवस काढणाऱ्या खेळाडूंना आर्थिक साहाय्य देणे हे त्याचे काम आहे. समाजकल्याण खाते, कामगार कल्याण मंडळ, महिला व बालकल्याण समिती, या सगळ्यांत एक देणारा असतो, एक घेणारा असतो आणि मध्ये एक खिडकी असते. तुम्ही ज्या मुलींविषयी लिहीत आहात त्यांना कोणाकडून काही मिळायचे नव्हते. सरावाच्या मधे पाणी पिण्यासाठी आणि स्वच्छतागृहात जाण्यासाठी परवानगी मागावी लागू नये, एवढेच त्यांना हवे होते. त्याला ‘कल्याण’ म्हणणे म्हणजे साध्या माणुसकीला योजनेचे नाव देणे आहे.

नीरक्षीर

सरकारी पाट्यांवरून शब्दाची किंमत करू लागलो तर मराठीत वापरण्याजोगा शब्दच उरणार नाही. संस्कृतात ‘कल्य’ म्हणजे निरोगी, धडधाकट. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पहाट, आणि आपला ‘काल’ त्यातूनच आला. ज्या शब्दाच्या मुळाशीच शरीराचे आरोग्य आहे, तो जिम्नॅस्टिक्सच्या लेखात नको, आणि ‘हित’ मात्र चालेल, हे मला पटत नाही. ‘हित’ हा शब्द तर चौकाचौकांतल्या फलकांवरच्या हितचिंतकांनी आणि वर्तमानपत्रांतल्या हितसंबंधांनी केव्हाच वापरून जुना केला आहे.

शिवाय कायद्यातील ‘बालकल्याण समिती’ पाहा. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला तिच्यासमोर आणतात. ती अनुदान वाटत नाही. म्हणजे ‘कल्याण’ या शब्दात संरक्षण आधीच आलेले आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. ‘रिफॉर्म’ला तुम्ही लेखात काय म्हटले आहे? ‘सुधारणा’ म्हणणार असाल तर एक योग जुळून आला आहे: या ब्रिटिश संघटनेची स्थापना १८८८ ची आणि आगरकरांचे ‘सुधारक’ही त्याच वर्षी निघाले.

वस्ताद

मी मल्लखांबावर वाढलो आणि पुढे अनेक वर्षे मुलांना शिकवले, म्हणून थोडे लांबण लावतो. तालमीत यांपैकी एकही शब्द कोणी उच्चारत नसे. तेथे एकच शब्द होता, ‘भले’. अढी घालताना मांडीची साल निघाली तरी तुझ्या भल्यासाठी, दसरंग चुकला म्हणून वेताची छडी बसली तरी तुझ्या भल्यासाठी, आणि उशिरा आला म्हणून शंभर बैठका काढायला लावल्या तरी त्याही भल्यासाठीच. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे आम्हाला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. ते अंगात मुरलेले होते. आज मागे वळून पाहताना त्यांपैकी काही घाव उगाचच घातलेले होते असे वाटते, पण सगळेच तसे होते असे मी म्हणणार नाही.

मला तुमच्या लेखातील एका गोष्टीची अडचण वाटते. इंग्लंडमध्ये प्रशिक्षकाने मुलांचे वजन करायचे नाही असा नियम झाल्याचे ऐकले, ते खरे आहे काय? कुस्तीत वजन दिल्याशिवाय गदेपर्यंत जाता येत नाही. विनेश फोगाटचे पॅरिसला १०० ग्रॅमसाठी काय झाले ते सर्वांनी पाहिले. वजनाकडे पाहायचेच नाही, याला कल्याण म्हणावे की लाड?

उंबरठा

वस्ताद, नियम खरा आहे आणि तो २०२३ मधला आहे. वजन करण्याचे काम प्रशिक्षकाच्या हातून काढून घेतले असून, त्याची खरोखरच गरज असेल तर वैद्यकीय किंवा क्रीडाविज्ञानाच्या जाणकाराने, तेही संमती घेऊन, ते करायचे आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये कुस्तीसारखे वजनी गट नाहीत, त्यामुळे वजनकाट्याचा निकालाशी थेट संबंध नाही. तरीही अहवालात जे आले आहे ते वाचवत नाही: मुलींना सर्वांच्या देखत काट्यावर उभे करणे, आकडा वाढला की बोल लावणे, खाऊ लपवला आहे काय हे पाहण्यासाठी पिशव्या आणि खोल्या तपासणे. आणि हे सर्व करणारेही ‘तुझ्या भल्यासाठी’ असेच म्हणत असत. म्हणूनच ‘भले’ आणि ‘हित’ या दोन्ही शब्दांची मला धास्ती वाटते. हित कोणाचे हे विशेषणाने सांगता येते, पण ते कोणी ठरवायचे हे शब्दात कोठेच येत नाही.

चौकस

ते तर ‘वेल्फेअर’मध्येही येत नाही.

धनुकली

कोणी सुचवलेला नाही असा एक शब्द आपल्या घरातच पडून आहे: योगक्षेम. जे आपल्याकडे नाही ते मिळवणे हा योग आणि जे आहे ते सांभाळणे हे क्षेम, असा त्याचा परंपरेने चालत आलेला अर्थ आहे. उंबरठाताईंच्या वर्षाला तो चपखल बसतो. २०२२ च्या शरदात लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या महिला संघाने रौप्यपदक मिळवले, जेसिका गादिरोव्हाने फ्लोअर प्रकारात सुवर्ण मिळवले, पुढच्या वर्षी अँटवर्पला जेक जार्मनने व्हॉल्टमध्ये सुवर्ण मिळवले. हा सगळा योग झाला. वजनाचा नियम, पाण्याची मुभा, तक्रारींची व्यवस्था हे क्षेम. ‘प्रगती आणि कल्याण’ अशी दोन टोके बांधत बसण्यापेक्षा ‘एका संघटनेचे योगक्षेम’ असे शीर्षक दिले तर दोन्ही बाजू एका शब्दात येतात, आणि क्षेमाशिवाय योग अपुरा आहे हेही न सांगता कळते.

नीरक्षीर

कल्पना सुरेख आहे, पण ‘योगक्षेम’ म्हटल्याबरोबर आयुर्विमा महामंडळाचे दोन तळहात आणि मधली ज्योत डोळ्यांसमोर येते. ‘कल्याण’ला अनुदानाचा वास येतो म्हणून नाकारायचे आणि विम्याच्या हप्त्याचा वास येणारा शब्द घ्यायचा, यात काय साधले?

धनुकली

बोधवाक्य महामंडळाने घेतले, शब्द विकत घेतलेला नाही. आजही जुन्या पिढीच्या पत्रात ‘क्षेमकुशल’ असतेच.

पाटीपूजक

मूळ प्रश्नाच्या आधीचा प्रश्न कोणी विचारलेला नाही. आपण सारे ‘जिम्नॅस्ट’ आणि ‘जिम्नॅस्टिक्स’ हे शब्द निमूटपणे वापरत आहोत. व्यायामपटू, कसरतपटू असे शब्द उपलब्ध असताना ही शरणागती कशासाठी? ‘पटू’ हा शब्द स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो, ही त्याची आणखी एक सोय आहे; धावपटू तो आणि धावपटू ती.

वस्ताद

व्यायामपटू म्हणजे व्यायाम करणारा कोणीही. त्यात मीही येतो आणि पहाटे टेकडीवर जाणारे आमचे शेजारीही येतात. कसरत म्हटले की लोकांना तार आणि डोंबारी आठवतात. दीपा कर्माकर रिओला २०१६ मध्ये चौथी आली तेव्हा आमच्या गल्लीतली पोरे ‘प्रोदुनोव्हा’ हे तिच्या अवघड उडीचे रशियन नाव आठवड्यात शिकली. ‘जिम्नॅस्ट’ तर त्यांना त्याआधीच येत होता. जो शब्द मैदानावर चालतो तो चालू द्यावा. डबलबारला ‘समांतर दांड्या’ म्हणणारा एक निरीक्षक आमच्याकडे आला होता आणि मुले त्याला दिवसभर त्याच नावाने हाक मारत होती.

पाटीपूजक

मैदानावर शिव्याही चालतात, म्हणून त्या अंकात छापायच्या काय? आणि ज्या शब्दाचा इतका अभिमान आहे त्याचे मूळ तरी पाहा: ग्रीक ‘जिम्नॉस’ म्हणजे नग्न. विवस्त्र होऊन करायचा तो व्यायाम म्हणजे जिम्नॅस्टिक्स. आपली ‘तालीम’ अरबीतून आली असली तरी तिचा अर्थ शिक्षण आहे. दोहोंतला फरक सुसंस्कृत माणसाला कळावा.

चौकस

आखाड्यात लंगोट कसून उतरणाऱ्या संस्कृतीने ग्रीकांना नावे ठेवू नयेत. मात्र तुमची व्युत्पत्ती अनवधानाने विषयाला धरून झाली आहे. एप्रिल २०२१ मध्ये बाझेलच्या युरोपीय स्पर्धेत आणि पुढे टोकियोला जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोशाख घालून उतरल्या. तसा पोशाख नियमात पूर्वीपासून बसत होता, पण तो बहुतेक धार्मिक कारणानेच वापरला जाई. आपल्या शरीरावर किती कापड असावे हे आपण ठरवू, एवढेच त्यांना सांगायचे होते. हे कल्याण आहे, हित आहे की क्षेम? मला वाटते, येथे तिन्ही शब्द उपयोगी पडत नाहीत, कारण त्या मुलींचे कोणी काही केलेले नाही. त्यांनी स्वतः केले आहे.

नीरक्षीर

मग ‘स्वायत्तता’ म्हणा आणि शीर्षक वाचून वाचकाला विद्यापीठ आठवू द्या.

अनामिका

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि मला यातील शीर्षकापेक्षा आतला मजकूर अवघड वाटतो. ‘अब्यूज’ला मूळ लेखात ‘छळ’ म्हटले आहे, ते योग्यच आहे, कारण बातम्यांमुळे ‘अत्याचार’ या शब्दाचा अर्थ आता एकाच गुन्ह्यापुरता उरला आहे. पण ‘ताण’चे काय करणार? आम्ही मुलांना रोज ‘ताण द्या’ म्हणतो, म्हणजे स्नायू ताणा. लवचिकतेच्या नावाखाली मुले रडेपर्यंत त्यांचे पाय दाबून ताणले जात, ही त्या अहवालातील मोठी तक्रार आहे. ‘प्रशिक्षक मुलींना अति ताण देत’ असे लिहिले तर मराठी वाचक मनावरचा ताण समजेल, आणि मांडीचा स्नायू वाक्याबाहेरच राहील.

उंबरठा

अनामिका, तुमचे म्हणणे बरोबर आहे. मी ते वाक्य ‘वेदना होत असतानाही पाय दाबून फाकवणे’ असे फोडून लिहिले आहे, कारण शब्दापेक्षा कृती लिहिलेली बरी. याहून मोठा पेच ‘सेफगार्डिंग’चा, म्हणजे मुलांना छळापासून जपण्याच्या कामाच्या नावाचा आहे. इंग्रजीत ‘वेल्फेअर’ आणि ‘सेफगार्डिंग’ ही जोडगोळी सतत येते. येथील प्रत्येक नोंदणीकृत क्लबमध्ये एक वेल्फेअर ऑफिसर असावाच लागतो, आणि तो काम करतो ते मुख्यतः सेफगार्डिंगचे. ‘संरक्षण’ म्हटले की सैन्य आठवते, ‘सुरक्षा’ म्हटले की दारावरचा पहारेकरी. ‘जपणूक’ मला आवडतो, पण ‘जपणूक अधिकारी’ कानाला कसा लागतो?

धनुकली

अभिलेखागारात बसणाऱ्या माणसासारखा लागतो.

वस्ताद

अधिकाऱ्याचे तुम्ही पाहा, मी हाताचे सांगतो. नवी उडी शिकवताना मुलाच्या कमरेला किंवा पाठीला आधार द्यावाच लागतो. तो दिला नाही तर मान मोडेल. आमच्याकडे त्याला ‘हात देणे’ म्हणतात. तुमच्या त्या नियमात यासाठी काय आहे?

उंबरठा

आधार देण्यापूर्वी प्रशिक्षकाने कारण सांगावे आणि मुलाची संमती घ्यावी, अशा अर्थाचे मार्गदर्शन आहे. मी तेथे ‘शारीरिक स्पर्श’ असा शब्द वापरला होता.

वस्ताद

तो काढून टाका. ‘शारीरिक स्पर्श’ वाचून कोणताही पालक दचकेल आणि कोणताही शिकवणारा हात मागे घेईल, मग मूल गादीबाहेर पडेल. मराठीत हात देणे वेगळे, हात लावणे वेगळे, हात टाकणे वेगळे आणि हात उगारणे वेगळे. क्रियापद बदलले की गुन्हा बदलतो. इंग्रजीतील एका शब्दासाठी आपल्याकडे चार पायऱ्या आहेत, त्या वापरा.

अनामिका

हे मला पटते, फक्त एक शंका आहे. हात देणारा ‘मी हात दिला’ म्हणतो आणि मुलगी ‘त्यांनी हात लावला’ म्हणते, तेव्हा तक्रारीच्या नोंदवहीत कोणते क्रियापद लिहायचे?

वस्ताद

मुलीचे.

पाटीपूजक

चौकशी व्हायच्या आधीच मुलीचे क्रियापद लिहिले तर तो निकाल झाला. नोंदवहीत तटस्थ शब्द हवा. ‘स्पर्श’ संस्कृत आहे, नेमका आहे आणि कोणाचीही बाजू घेत नाही.

नीरक्षीर

पाटीपूजकांशी मी प्रथमच सहमत आहे, पण तक्रार म्हणजे निकाल नव्हे. तक्रारदाराचे शब्द तक्रारदाराच्याच तोंडी, अवतरणचिन्हांत लिहावेत आणि खाली नोंद करणाऱ्याने ‘स्पर्श’ लिहावे. आपल्याकडे पंचनाम्यात असेच लिहितात.

अनामिका

पंचनाम्याची भाषा नऊ वर्षांच्या मुलीच्या वहीत नको. आणि ‘हात लावला’ हे तिला अवतरणचिन्हांत दिसले तर आपल्यावर कोणाचा विश्वास बसलेला नाही असेच तिला वाटेल.

चौकस

उंबरठाताई, संपादकांना शीर्षकाचे काय कळवले?

उंबरठा

अजून काही कळवलेले नाही. त्यांनी आता ‘प्रगती’वरही प्रश्नचिन्ह काढून पाठवले आहे.