मदत हवी आहे: फ्लूच्या गोळ्या चालू असताना एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) वाढला, औषध थांबवावे का?

कोयनाकाठ
मंडळी, जरा तातडीचं आहे. बाबा ७१ वर्षांचे, वजन ६२ किलो, कराडला असतात, मी पुण्यात. ताप, कोरडा खोकला आणि अंग इतकं दुखतंय की कूस बदलवत नाही. स्वॅबमध्ये एच१एन१ निघाला. फिजिशियननी ऑसेल्टामिविर ७५ मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस लिहून दिलं. काल रक्त तपासलं: एसजीपीटी ११८, एसजीओटी १६४, बिलिरुबिन ०.९, क्रिएटिनिन १.१. दिवाळीच्या सुमारास एसजीपीटी ५२ होता आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २. दारूला कधी शिवले नाहीत.

दादा म्हणतो गोळ्या आत्ताच्या आत्ता बंद. २०२१ मध्ये काकांना कोविडसाठी रेमडेसिविर चालू असताना एन्झाइम्स भरमसाट वाढले आणि ते थांबवावं लागलं, ते त्याच्या डोक्यातून जात नाही. डॉक्टर संध्याकाळी ओपीडीत भेटतील.

मला मात्र नुसत्या फ्लूच्या गोळीवर ठपका ठेवणं पटेना. म्हणून आईला फोनवर एकेक पाकीट वाचायला लावलं. पॅरासिटामॉल ६५० दिवसातून चार वेळा. मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी तीन वेळा. कोलेस्टेरॉलची अॅटोर्व्हास्टॅटिन १०, ही बरीच वर्षं चालू आहे. शिवाय शेजारच्या मावशी रोज गुळवेलीचा काढा आणून देतात. जेवण जवळजवळ नाही, पेज घेतली तर घेतली.

यातलं लिव्हरला काय बाधत असेल? आणि संध्याकाळी डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

बाराबंदी
कावीळ आहे ती. आमच्याकडे झाडपाला देणारे एक जण आहेत, तीन दिवसांत उतरते. व्यनि (खाजगी निरोप) करा.

स्टेथो_आणि_चहा
बिलिरुबिन ०.९ ला कावीळ म्हणत नाहीत. कृपया आणखी एक पाला त्यात घालू नका.

मी मेडिसिनमध्ये एमडी आहे, पण पेशंट न बघता बोलतोय हे धरून वाचा. ऑसेल्टामिविर तुमच्या तुमच्या जबाबदारीवर थांबवू नका. ७१ वय आणि एच१एन१, इथे न्यूमोनियाची भीती लिव्हरपेक्षा मोठी आहे. या गोळीने मळमळ-उलटी बऱ्याच जणांना होते, लिव्हरला इजा क्वचित. लिव्हरचा सौम्य किंवा मध्यम आजार असला तरी तिचा डोस बदलावा लागत नाही. रेमडेसिविरची गोष्ट वेगळी. त्यात एन्झाइम्स वाढतात हे माहीतच असतं, म्हणून आधी आणि मधे एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करतात, आणि एसजीपीटी नॉर्मलच्या दहा पटींपुढे गेला तर थांबवण्याचा विचार करतात. दोन्ही अँटिव्हायरल असली तरी एकाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही.

तुमच्या आकड्यांत एसजीओटी हा एसजीपीटीपेक्षा जास्त आहे. एसजीओटी स्नायूंतूनही येतो. फ्लूने स्नायू सुजले की तो चढतो, आणि अंग एवढं दुखतंय म्हणताय. सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी) करून घ्या, बराच उलगडा होईल. खुद्द तापाने आणि उपासमारीनेही एन्झाइम्स थोडे वर जातात, त्यात फॅटी लिव्हर आधीपासून.

मिरजेचा_फार्मासिस्ट
सर्दीच्या गोळीच्या पाकिटामागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आईंना वाचायला सांगा.

कोयनाकाठ
वाचलं. फिनाइलेफ्रिन, क्लोरफेनिरामिन... आणि पॅरासिटामॉल ५००.

मिरजेचा_फार्मासिस्ट
वाटलंच. आता बेरीज करा. ६५० चोक २६००, ५०० त्रिक १५००. दिवसाला ४१०० मिग्रॅ. धडधाकट माणसाची कमाल मर्यादा ४००० आहे. पोटात अन्न नसेल तर लिव्हरमधला ग्लुटाथायोन कमी पडतो, आणि पॅरासिटामॉलपासून तयार होणारा विषारी अंश निष्प्रभ करायचं काम त्याचंच असतं. अशा माणसाला डॉक्टर मर्यादा आणखी खाली ठेवतात. काउंटरवर बसून रोज बघतो, तापाची वेगळी, सर्दीची वेगळी, आणि दोन्हीत तेच औषध. माझ्या मते पहिला संशयित हाच. सर्दीची गोळी आजच बाजूला काढा.

दुसरं, कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. ऑसेल्टामिविरचं लिव्हरमध्ये सक्रिय औषधात रूपांतर होतं, पण ते शरीराबाहेर जातं किडनीतून. क्रिएटिनिन १.१ रिपोर्टवर नॉर्मल दिसतं. वय आणि वजन घालून हिशेब केला तर क्लिअरन्स (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) ५४ च्या आसपास येतो. ३० ते ६० मध्ये डोस ३० मिग्रॅ दोन वेळा असा देतात. बदलायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण हा आकडा त्यांच्यासमोर ठेवाच.

सदाफुली
गुळवेलीवरही बोला कुणीतरी. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद बराच चालला. कुणाचं खरं ते बाजूला ठेवू, एन्झाइम्स वाढलेले असताना काढा कशाला?

स्टेथो_आणि_चहा
दोघांनाही अनुमोदन. अॅटोर्व्हास्टॅटिनचं ऑसेल्टामिविरशी भांडण नाही, पण सीपीके फार वाढला असेल तर डॉक्टर तीही काही दिवस थांबवतील. आणि अँटिबायोटिक लिहून दिलं तर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलेनेट आहे का ते विचारा. त्याने होणारी लिव्हरची इजा कधी कधी कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी दिसते, मग तिचा संबंध कुणी लावत नाही.

संध्याकाळची वाट न बघता दवाखाना गाठायची लक्षणं: ऑक्सिजन ९४ च्या खाली, धाप, असंबद्ध बोलणं किंवा गुंगी, डोळे पिवळे, लघवी चहासारखी, पाणीही पोटात न ठरणं.

कोयनाकाठ
ऑक्सिजन ९६ आहे. दादा बाबांना घेऊन आत्ताच जाऊन आला. सर्दीची गोळी आणि काढा बंद. पॅरासिटामॉल ताप असेल तेव्हाच, दिवसाला जास्तीत जास्त तीन. ऑसेल्टामिविर ३० चं केलं, कोर्स पूर्ण करायचा. सीपीके पाठवलाय. छातीचा एक्स-रे साफ. एलएफटी आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) परवा.

काढा बंद केल्याचं मावशींना कोण सांगणार यावर घरात चर्चा चालू आहे.

सदाफुली
डॉक्टरांच्या नावावर खपवा. सीपीके आला की इथे टाका.