पोर्ट ऑफ स्पेनला गटाने जायचंय, तिथल्या माणसांना भेटायला. सल्ला हवा

केवडा

नमस्कार मंडळी. आमच्या न्यूजर्सीतल्या मराठी मंडळातले बाराजण २०२७च्या सुरुवातीला त्रिनिदादला जायचं म्हणताहेत. समुद्रकिनाऱ्यावरचं रिसॉर्ट नकोय, क्रूझही नकोय. राजधानीतच, म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनमध्ये राहायचं, तिथलं संगीत ऐकायचं, खायचं आणि मुख्य म्हणजे लोकांशी बोलायचं. गटात दोन जोडपी साठीच्या पुढची, पाचजण शाकाहारी, आणि एकीचे आईवडील पुण्याहून येऊन आम्हाला सामील होणार.

एका टूर कंपनीने कार्यक्रम पाठवलाय. त्यात 'स्थानिक कुटुंबासोबत जेवण' दीड तास, लगेच हॉटेलात लोकनृत्य, मग बस. असं घड्याळ लावून कोणाशी काय बोलणं होणार? तुमच्यापैकी कोणी तिथे राहिलंय का? कधी जावं, कुठे उतरावं, वाटाड्या कसा शोधावा? आणि सुरक्षिततेच्या बातम्या वाचून घरचे घाबरलेत, त्याबद्दलही सांगा.

वाटसरू

केवडाताई, मी पॉइंट लिसासच्या खत कारखान्यात नोकरीला होतो आणि मुक्काम पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडब्रुक भागात होता, त्यामुळे मनापासून लिहितोय. तो दीड तासाचा कार्यक्रम घेऊ नका. या शहरात लोक मुळातच रस्त्यावर, पॅनयार्डात, डबल्स या खाण्याच्या गाडीपाशी जमतात आणि तासन्‌तास गप्पा मारतात. त्याला ते 'लाइम' म्हणतात. तुम्ही त्यांच्या वेळेला त्यांच्या जागी गेलात की झालं.

कधी जावं? २०२७चा कार्निव्हल ८ आणि ९ फेब्रुवारीला आहे. पण ऐन कार्निव्हलमध्ये खोल्यांचे भाव गगनाला भिडतात, सगळं शहर स्वतःच्या धावपळीत असतं आणि बाराजणांना एकत्र ठेवणं कठीण जातं. माझं ठाम मत आहे की जानेवारीच्या मध्यावर जा. तेव्हा स्टीलपॅनच्या (तेलाच्या पिंपापासून घडवलेल्या वाद्याच्या) वाद्यवृंदांची पॅनोरामा स्पर्धेसाठी तालीम चाललेली असते. ही स्पर्धा १९६३पासून होते आणि मोठ्या वृंदात शंभराच्या आसपास वादक असतात. पॅनयार्ड म्हणजे त्या वृंदाचं उघडं अंगण. संध्याकाळी उशिरा तालीम सुरू होते आणि मध्यरात्र उलटली तरी चालते. कोणीही जाऊन बसावं, ऐकावं. ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्स, शार्लट स्ट्रीटवर रेनेगेड्स, वुडब्रुकमध्ये फेज टू, ट्रॅगरीट रोडवर इन्व्हेडर्स. एका संध्याकाळी एकच यार्ड करा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जा. दुसऱ्यांदा गेलात की लोक स्वतःहून खुर्ची सरकवतात. आठेक मिनिटांच्या संगीतासाठी शाळकरी मुलं, बँकेतले कारकून, निवृत्त शिक्षिका सगळे एकाच ओळी शंभरदा घासत असतात. मला त्या देशाबद्दल जे काही कळलं ते तिथे बसून कळलं.

तिथले काही रिवाज सांभाळा. यार्डातल्या बारमधून पेय विकत घ्या, कारण वृंदाचा खर्च त्यातून निघतो. विचारल्याशिवाय वाद्याला हात लावू नका. तालमीच्या मधोमध उभं राहून फोटो काढू नका. वादक थांबले की बोला. वयस्कर वादकाला जुन्या काळाबद्दल विचारलंत तर रात्र पुरणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तेलाच्या पिंपांपासून हे वाद्य घडलं. विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट ही नावं तिथे आदराने घेतली जातात. १९९२मध्ये त्याला राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर केलं, आणि संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा स्टीलपॅनचा दिवस ठरवलाय.

राहायला वुडब्रुक किंवा सेंट क्लेअर. घरगुती गेस्टहाउस दोन-तीन घ्या, एकच मोठं हॉटेल नको. सकाळी मालकिणीशी चहाबरोबर जे बोलणं होतं ते रिसेप्शनवर होत नाही.

हरभरा

खाण्याचं मी सांगते, शाकाहारी आहे म्हणून.

डबल्स पूर्ण शाकाहारी: दोन मऊ 'बारा' म्हणजे तळलेल्या पुऱ्या, त्यात शिजवलेले चणे, वर चिंचेची चटणी आणि कुचेला, म्हणजे कैरीचं तिखट लोणचं. सकाळीच खातात, उभ्याने, कागदात. विक्रेता 'पेपर?' (म्हणजे मिरची) विचारतो तेव्हा पहिल्या दिवशी 'स्लाइट' म्हणा, कारण तिथली मिरची आपल्या लवंगीला मागे टाकते. रांगेत पुढचा-मागचा माणूस हमखास बोलतो. माझ्या मते शहरात ओळखी व्हायला यासारखी जागा नाही.

धालपुरी रोटी पुरणपोळीच्या घाटाची, फक्त आत गोड पुरणाऐवजी भरडलेली पिवळी वाटाण्याची डाळ. सोबत भोपळा, बोडी (चवळीच्या शेंगा), बैगन, भाजी म्हणजे अळूची पानं. शाकाहारी माणसाचं पोट रोटीच्या दुकानात व्यवस्थित भरतं. फोलोरी आणि सहिना ही भजीसुद्धा घ्या. रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या 'आयटल' खाणावळीत मांस नसतंच, तेही लक्षात ठेवा. कॅललूत (पालेभाजीच्या दाट रशात) मात्र बहुधा खेकडा किंवा खारवलेलं मांस असतं आणि पलाउ, म्हणजे तिथला पुलाव, चिकनचा असतो, तेव्हा विचारूनच घ्या.

मांसाहारी मंडळींनी माराकासच्या किनाऱ्यावर जाऊन बेक अँड शार्क (तळलेल्या पावात शार्क मासा) खावं. रविवारी अख्खी कुटुंबं तिथे आलेली असतात.

रेवा

वाटसरूंनी जानेवारी सांगितलाय, पण मी दिवाळीच्या बाजूने बोलते. शागुआनासला, शहरापासून दक्षिणेला, दिवाळीनगर भरतं. १९८६पासून नऊ रात्री चालणारा हा मेळा मद्य-मांसाशिवाय असतो आणि सगळ्या धर्मांचे लोक येतात. दिवाळीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. पुण्याहून येणाऱ्या आईवडिलांना हे फार भावेल. कारापिचैमाला दत्तात्रेयाचं मंदिर आणि ८५ फुटी हनुमान, जवळच वॉटरलूला समुद्रातलं देऊळ. ते देऊळ सिवदास साधू या मजुराने खाडीत दगड-माती टाकून वर्षानुवर्षं एकट्याने उभं केलं. आधीचं देऊळ दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलं म्हणून पाडलं गेलं होतं, त्याला तुरुंगातही जावं लागलं होतं. मग त्याने समुद्रच निवडला.

मात्र एक कळकळीने सांगते. तिथल्या भारतीय वंशाच्या माणसाला भेटल्या भेटल्या 'मूळ गाव कोणतं, जात कोणती, हिंदी येते का' असं विचारू नका. ३० मे १८४५ला फतेल रझाक जहाज पहिले करारबद्ध मजूर घेऊन आलं आणि १९१७पर्यंत जवळपास १,४४,००० माणसं आली. बहुतेक भोजपुरी पट्ट्यातली, कलकत्त्याहून, काही मद्रासहून. आपल्या मराठी मुलुखाशी त्यांचा संबंध जुळेल अशी अपेक्षा धरू नका. ती माणसं सहा-सात पिढ्या त्रिनिदादची आहेत. आपण त्यांना कमी-जास्त 'भारतीय' ठरवायला जात नाही आहोत. त्यांना आजचं विचारा: शाळा, नोकरी, क्रिकेट, राजकारण. राजकारणावर तर ते भरभरून बोलतात.

आणि फक्त भारतीय वंशाच्या लोकांतच फिरू नका. राजधानीचं मन आफ्रिकी वंशाच्या वस्त्यांनी घडवलंय. कार्निव्हलमधला कानबुले, म्हणजे मशालींची मिरवणूक, १८८१मध्ये पोलिसांनी मोडायचा प्रयत्न केला तेव्हा लोक लढले. त्या प्रसंगाचं नाट्यरूप कार्निव्हलच्या शुक्रवारी पहाटे पिकॅडिली ग्रीन्सवर सादर होतं. वुडफोर्ड चौकात एरिक विल्यम्स हजारो लोकांपुढे इतिहास आणि अर्थशास्त्र बोलत, आणि पुढे तेच देशाचे पहिले पंतप्रधान झाले. या गोष्टी वगळून मंदिरं पाहून परत आलात तर अर्धं शहर पाहिलंच नाही.

वाटसरू

रेवाताई, शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. एक भर: सेंट जेम्समध्ये होसे होतो, मोहरमच्या दिवसांत. दिल्ली, कलकत्ता, बेंगाल अशी गल्ल्यांची नावं, वेस्टर्न मेन रोडवरून रात्री निघणारे ताजिए, आणि तासा (आपला ताशा) वाजवणाऱ्यांत मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती सगळे. तारीख चंद्रावर असल्याने दरवर्षी सरकते, २०२७मध्ये जूनच्या मध्याला येईल. ताजिया बांधणारी कुटुंबं आधीचे काही आठवडे व्रत पाळून काम करतात, तेव्हा तो उत्सव म्हणून नाही, श्रद्धा म्हणून पाहावा.

लेगस्पिन

क्वीन्स पार्क ओव्हल कोणी कसं विसरलं! मार्च १९७१मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं ते याच मैदानावर. सरदेसाईंचं ११२, आणि गावसकरांचं पदार्पण: ६५ आणि नाबाद ६७. एप्रिलमध्ये तिथेच १२४ आणि २२०. लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो गायकाने त्यांच्यावर गाणं रचलं. पाच वर्षांनी, १९७६मध्ये, चौथ्या डावात ४०३चं लक्ष्य गाठलं तेही इथेच. तुमच्या गटातल्या साठीच्या मंडळींना घेऊन एखादा स्थानिक सामना बघा. स्टँडमधल्या म्हाताऱ्या प्रेक्षकाला गावसकर म्हणायचा अवकाश, तो आपली सगळी आठवण उघडतो. आणि आपणही नुसतं ऐकून न घेता सोबर्स, होल्डिंग, लारा यांच्याबद्दल विचारावं. त्यांना ते फार आवडतं.

केवडा

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! जानेवारी नक्की करतोय, दिवाळीनगर पुन्हा कधीतरी. पण सुरक्षिततेचं स्पष्ट सांगा. आणि आम्हाला ओळख करून देणारं माणूस कसं मिळवायचं?

वाटसरू

स्पष्टच सांगतो. गुन्हेगारी खरी आहे. डिसेंबर २०२४मध्ये आणि परत जुलै २०२५मध्ये सरकारने आणीबाणी जाहीर केली होती. निघायच्या आधी अमेरिकी आणि भारतीय, दोन्ही सरकारांच्या सूचना वाचा. बहुतेक हिंसा टोळ्यांमधली आणि ठरावीक वस्त्यांतली असते, पण म्हणून बेफिकीर राहू नये. लॅव्हेंटिलच्या डोंगरावर स्वतःहून जाऊ नका. पॅनचा इतिहास तिथे आहे, म्हणून जायचंच तर दिवसा, त्या वस्तीतल्याच माणसाबरोबर. रात्री पॅनयार्डात जाताना ठरवलेला चालक हवा, जो तालीम संपेपर्यंत थांबेल. बाराजणांना एक मॅक्सी टॅक्सी (छोटी बस) पुरते. दिवसा सव्हाना मैदानाभोवती, वुडब्रुकमध्ये पायी फिरा. सव्हानाच्या कडेला नारळपाणीवाले असतात, तिथे संध्याकाळी चांगली लाइम जमते.

वाटाड्यासाठी त्रिनिदादच्या नॅशनल ट्रस्टला लिहा. ते वारसा फेऱ्या काढतात आणि गटासाठी माहितगार माणूस सुचवू शकतात. पॅनयार्डासाठी त्या वृंदालाच आधी संदेश पाठवा, की आम्ही बाराजण येतोय, तालमीला अडथळा होणार नाही, आणि जमल्यास कोणी थोडा वेळ बोलेल का. वादकाने शिकवायला तास दिला तर त्याचे पैसे द्या, आणि चांगले द्या. कोणाच्या घरी जेवायला बोलावणं आलं तर सहा-सहाच्या दोन तुकड्या करा. बाराजण एकदम गेले की घरातली बाई स्वयंपाकघरातून बाहेरच येत नाही, मग भेट कसली?

दुकानात, मॅक्सीत शिरताना आधी 'गुड मॉर्निंग' म्हणा, अंधार पडल्यावर 'गुड नाइट'. थेट कामाचं बोलणं तिथे उद्धट समजतात.

रेवा

कागदपत्रांचं राहिलंच. पुण्याहून येणारे लंडन किंवा न्यूयॉर्कमार्गे येतील, तेव्हा त्रिनिदादच्या प्रवेशाचे नियम वेगळे आणि वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा वेगळा, हे तिकीट काढण्याआधी बघा. आणि लष्करी छापाचे कपडे, टोप्या, पिशव्या घरीच ठेवा. तिथे सामान्य माणसाने ते वापरणं कायद्याने बंद आहे, लहान मुलांनीसुद्धा.

केवडा

हे अजिबात माहीत नव्हतं, आमच्यातल्या एकाची रोजची सॅक तशीच आहे, आजच कळवते. गेस्टहाउस वुडब्रुकमध्ये बघायला लागलेय. वाटसरूदादा, इन्व्हेडर्सचं यार्ड आणि ओव्हल दोन्ही ट्रॅगरीट रोडवरच ना? मग एक संध्याकाळ तिथे आणि एक ड्यूक स्ट्रीटला, असं धरते.

वाटसरू

हो, अगदी समोरासमोर. पण शनिवार-रविवारी शहरात इतर कार्यक्रम असतात, म्हणून तालमीचे वार वृंदाकडून खात्री करून घ्या. साठीच्या मंडळींसाठी घडीच्या खुर्च्या आणि कानात घालायचे बोळे घेऊन जा, शंभर पॅन एकदम वाजायला लागले की जमीन हादरते.