मदत हवी आहे: बदामीच्या वालुकाश्मावर चॉकच्या खुणा किती ठेवायच्या, पुसायच्या कशा?

बदामीला प्रस्तरारोहणासाठी नवशिक्यांची तुकडी न्यायची आहे. लालसर कातळावर चॉकची (घाम टिपायला हाताला लावतात ती पूड) पांढरी रेघ लांबूनही डोळ्यांत खुपते, म्हणून नियम आधीच ठरवतोय. हातभर रेघा बंद. खालून न दिसणाऱ्या होल्डलाच (हातापायाच्या पकडीलाच) खूण, तीही बोटाच्या पेराएवढी, होल्डच्या शेजारी. उतरताना ज्याची त्याने पुसायची. नाहीतर मागून येणाऱ्याचा ऑनसाइट (आधी काहीही माहीत नसताना पहिल्याच प्रयत्नात चढणं) गेलाच.

अडतंय पुसण्यात. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि ओव्हरहँगखाली (बाहेर झुकलेल्या कातळाखाली) पाऊस पोचत नाही. तारेच्या ब्रशने दगडाचे कण सुटतात, कडक नायलॉन जोरात घासला तरी तेच. पाण्याने धुवावं तर ओला वालुकाश्म कमकुवत होतो, होल्ड तुटू शकतो. डुकराच्या केसांचा ब्रश पुरतो का? घामाने थापून बसलेल्या जुन्या थराला काय करता?

जर्मनीत एल्बेकाठच्या वालुकाश्मावर चॉकच निषिद्ध आहे. इतकं टोक मला पटत नाही (बदामीच्या उकाड्यात तर नाहीच). फक्त लिक्विड चॉक (अल्कोहोलमध्ये कालवलेला) दिला तर? रोझिनवाला (चिकट राळ घातलेला) नको, त्याने होल्ड गुळगुळीत होतात. बिनरोझिनचा कोणी वापरलाय का?