लॅबमध्ये वाढवलेलं किडनीचं टिश्यू मॅच्युअर (प्रौढ) का होत नाही?

प्रश्नचिन्ह: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किडनी ऑर्गनॉइडबद्दल (लॅबमध्ये वाढवलेला किडनीचा छोटा नमुना) वाचतोय. स्टेम सेलपासून डिशमध्ये नेफ्रॉन (किडनीतले रक्त गाळणारे सूक्ष्म घटक) तयार होतात इथपर्यंत समजलं, पण जिथे बघावं तिथे लिहिलंय की हे टिश्यू गर्भातल्या किडनीसारखंच राहतं. मग अजून काही आठवडे ठेवलं तर पेशी आपोआप मॅच्युअर व्हायला नकोत का? आणि मॅच्युअर झाली हे ओळखतात कशावरून?

पेट्रीडिश: नुसते दिवस वाढवून काही होत नाही रे. २०१५ मध्ये किडनी संशोधक मेलिसा लिटल यांच्या ग्रुपने आयपीएस सेलपासून (साध्या पेशींना परत स्टेम सेल बनवलेल्या) ऑर्गनॉइड बनवले, त्यात ग्लोमेरुलस (रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुंता), ट्यूब्यूल (त्यापुढची नळी) सगळं होतं, पण जीन एक्स्प्रेशन (कोणती जीन्स चालू आहेत ते) जुळलं ते पहिल्या तिमाहीतल्या गर्भाच्या किडनीशी. गर्भात साधारण ३६ आठवड्यांपर्यंत नवे नेफ्रॉन बनत राहतात कारण कडेला प्रोजेनिटर पेशींचा (ज्यांच्यापासून नेफ्रॉन घडतात त्या) साठा टिकून असतो, डिशमध्ये तो लवकर संपतो, आणि मग जास्त दिवस ठेवलं की स्ट्रोमा (मधलं आधार देणारं टिश्यू) नि भलत्याच पेशी (चक्क न्यूरॉनसारख्या पण!) माजतात. शेतात पीक थांबलंय आणि तण वाढतंय असं काहीसं.

नेफ्रॉनप्रेमी: ओळखण्याबद्दल सांगतो. नेफ्रिन, पोडोसिन हे मार्कर (पेशीची ओळख पटवणारी प्रोटीन्स) दिसले की लोक खूश होतात पण तेवढ्यावर जाऊ नकोस, मार्कर दिसणं वेगळं आणि पेशीने काम करणं वेगळं. पोडोसाइटचे (ग्लोमेरुलसच्या गाळणीवरच्या पेशी) पाय एकमेकांत नीट गुंतलेत का ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीच कळतं. मला सगळ्यात भारी वाटतो तो बेसमेंट मेम्ब्रेनचा (गाळणीतला पेशींखालचा पातळ प्रोटीनचा थर) पुरावा, आधी कोलॅजन ४ च्या अल्फा १ आणि २ साखळ्या असतात, वाढ होताना त्यांच्या जागी अल्फा ३, ४, ५ येतात, ऑर्गनॉइडमध्ये हा बदल सुरू होतो पण अर्धवट राहतो. प्रॉक्सिमल ट्यूब्यूल (नळीचा सुरुवातीचा भाग) असेल तर डेक्स्ट्रॅन (एक मोठा साखर-रेणू) आत ओढतो का ते बघ.

पेट्रीडिश: +१. आणि मेन अडचण रक्ताची. डिशमध्ये ग्लोमेरुलसमधून रक्त वाहतच नाही. २०१८ मध्ये ऑर्गनॉइड उंदराच्या किडनीच्या आवरणाखाली बसवले तर उंदराच्या रक्तवाहिन्या आत शिरल्या आणि ग्लोमेरुलस बरेच पुढे गेले, २०१९ मध्ये चिपवर (बारीक नळ्या असलेली लॅबमधली पट्टी) नुसता द्रवाचा प्रवाह दिला तरी फरक पडला.

प्रश्नचिन्ह: म्हणजे उंदीर किंवा चिप नसेल तर उपयोग नाही?

नेफ्रॉनप्रेमी: असं कुठे म्हटलं 😄 प्रश्न काय आहे त्यावर आहे. प्रोजेनिटरपासून नेफ्रॉन कसा घडतो हे बघायचं असेल तर लहान वयाचं टिश्यूच हवं. पॉलिसिस्टिक किडनी रोगाचं जीन क्रिस्परने (जीनमध्ये बदल करायचं तंत्र) बंद केलं तर साध्या डिशमध्येही सिस्ट (द्रव भरलेल्या पिशव्या) येतात, तेही २०१५ लाच दाखवलंय. बाकी उंदराच्या साडेअकरा दिवसांच्या भ्रूणाची किडनी फिल्टरवर ठेवली तर फांद्या फुटताना लाइव्ह दिसतात, ही पद्धत १९५० च्या दशकापासून चालत आलीये. पण औषध मोठ्या माणसाच्या ट्यूब्यूलला किती इजा करतं असं काही हवं असेल तर गाईडला आधी विचार, कारण औषध आत घेणारे ट्रान्सपोर्टर (पेशीच्या आवरणातली वाहक प्रोटीन्स) ऑर्गनॉइडच्या पेशींत फार कमी असतात.